हात आवरून करायचं सूप : घरच्या घरी सामग्येतांग

आमच्या चिकनवाल्याचा हात इतका बसलेला आहे, की अंगातला सदरा उतरवावा तशी तो कोंबडीची कातडी पिसांसकट एका ओढीत काढतो. मी पहिल्यांदा "अख्खी द्या, तुकडे नकोत, आणि कातडी ठेवा" म्हटलं तेव्हा सुरी हवेतच थांबली. "तंदुरीला का? तंदुरीलाही सोलूनच देतो आम्ही." सूपसाठी हवी म्हटल्यावर त्याचा चेहरा एकदम उजळला आणि त्याने कोंबडीच्या पायांचा ढीग माझ्यापुढे सरकवला. त्याच्या हिशेबाने सूप म्हणजे पाय. ते पायही मी घेतले. त्यांचं काय करायचं ते पुढे येईल.

हे सूप म्हणजे कोरियातलं सामग्येतांग. 'साम' म्हणजे जिनसेंगची मुळी, 'ग्ये' म्हणजे कोंबडी आणि 'तांग' म्हणजे सूप. लहान, कोवळी कोंबडी अख्खी घ्यायची, तिच्या पोटात चिकट तांदूळ, लसूण, जिनसेंग आणि वाळलेली लाल बोरं भरायची, आणि साध्या पाण्यात शिजवायची. हळद नाही, मिरची नाही, फोडणी तर नाहीच. शिजताना मीठसुद्धा घालत नाहीत. आपल्या हाताला हे फार जड जातं. पाणी उकळायला लागलं की हात आपोआप मसाल्याच्या डब्याकडे जातो. तो हात आवरला की निम्मं सूप जमलं असं समजा. उरलेलं निम्मं कोंबडीच्या निवडीत आहे.

कोरियात हे हिवाळ्याचं पेय नाही, ऐन उकाड्यात खायचं जेवण आहे. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत छोबोक, जुंगबोक आणि मालबोक असे तीन दिवस येतात. पहिले दोन दहा दिवसांच्या अंतराने, तिसरा कधी दहा तर कधी वीस दिवसांनी. हे वर्षातले सर्वांत तापलेले दिवस मानले जातात आणि त्या दिवशी सोलमधल्या सामग्येतांगच्या हॉटेलांबाहेर भर उन्हात रांगा लागतात. आत उकळता वाडगा समोर येतो, लोक घामाघूम होऊन खातात आणि बाहेर पडताना म्हणतात, आता बरं वाटलं. 'इ-योल-छि-योल', म्हणजे उष्णतेला उष्णतेने मारायचं, अशी तिथली म्हण आहे. बाहेर अंग तापतं तेव्हा आतून पोट गार पडतं, त्याला ऊब द्यावी, असा त्यामागचा समज. उष्ण-थंडाची भाषा आपल्याला काही नवी नाही, फक्त उन्हाळ्यात आपण नेमकं उलट करतो. छोबोक बहुतेकदा आपल्या आखाडाच्या सुमारास पडतो, त्यामुळे श्रावण लागायच्या आत एक रविवार या सूपला द्यायला हरकत नाही.

कोंबडी कुठली घ्यावी

कोरियात या सूपसाठी साधारण अर्ध्या किलोची कोवळी कोंबडी घेतात, माणशी एक. आपल्याकडे एवढी लहान सहजी मिळत नाही. साफ केल्यावर सातशे-आठशे ग्रॅम भरेल अशी मागा. तंदुरीसाठी हॉटेलवाले साधारण याच मापाची नेतात, म्हणून दुकानात 'तंदुरी साइज' म्हटलं की लगेच कळतं. एक कोंबडी दोघांना पुरते. दीड किलोची घेऊ नका. ती भांड्यात मावत नाही, पोटातला भात शिजेपर्यंत छातीचं मांस चोथा होतं आणि वाडग्यातून अख्खी वाढण्याची मजाही जाते.

कातडी मात्र हवीच. रश्शाला जो गुळगुळीत, ओठाला किंचित चिकटणारा दाटपणा येतो तो कातडी आणि हाडांतून सुटणाऱ्या जिलेटिनचा. पोटातलं सारण धरून ठेवायचं कामही कातडीच करते. कातडीसकट हवी असेल तर कोंबडी गरम पाण्यात बुडवून पिसं उपटावी लागतात आणि घाईच्या रविवारी हे कोणी करून देणार नाही. आदल्या दिवशी सांगून ठेवा, किंवा फ्रोझन विभागात कातडीसकट अख्खी कोंबडी मिळते का ते बघा. फ्रोझन आणली तर रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून पूर्ण सुटू द्या. आत बर्फ राहिला तर सगळं वेळेचं गणित चुकतं.

कातडी मिळालीच नाही तर? तरीही करा, पण तांदूळ पोटात न भरता मलमलच्या पुरचुंडीत सैल बांधून कोंबडीशेजारी सोडा, आणि रश्शाच्या दाटपणासाठी ते मघाचे पाय वापरा. सहा-आठ पाय साफ करून, नखं छाटून, दीड-दोन लिटर पाण्यात तासभर मंद उकळून गाळून घ्या आणि साध्या पाण्याऐवजी तेच पाणी वापरा. खरं सांगायचं तर कातडी असली तरी मी हल्ली हे करते.

गावरान कोंबडीचा मोह अनेकांना होईल. कोरियातही गावरान असते, तिला 'तोजोंगदाक' म्हणतात. पण तिचं ते सामग्येतांग करत नाहीत, बराच वेळ शिजवून 'पेकसुक' करतात, म्हणजे पांढरी उकडलेली कोंबडी. गावरान घेतलीत तर कुकर लागेल आणि रस्सा जास्त खोल चवीचा होईल. फक्त त्यात भात भरू नका, मांस मऊ होईपर्यंत भाताची खळ झालेली असते. काळ्या कातडीच्या, काळ्या हाडांच्या कोंबडीचं सूपही तिकडे करतात आणि ते जास्त औषधी समजतात. त्यामुळे कडकनाथ हाती लागला तर तो प्रयोगही अगदीच आडवाटेचा नाही.

बाकीचं सामान

एका कोंबडीला चिकट तांदूळ पाऊण मूठ, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम. लसणाच्या आठ-दहा पाकळ्या, सोललेल्या पण अख्ख्या. आल्याची एक चकती, जास्त नको. वाळलेली लाल बोरं तीन-चार. जिनसेंगची एक लहान मुळी. पातीच्या कांद्याचा पांढरा भाग रश्शात आणि हिरवी पात बारीक चिरून वरून. मीठ, ताजी कुटलेली मिरी. संपलं.

तांदळाबद्दल थोडं सांगते. कोरियन 'छापसाल' हा खरा चिकट तांदूळ. त्यात अमायलोज हा स्टार्च जवळजवळ नसतोच, म्हणून शिजल्यावर शितं एकमेकांना धरून बसतात. आसामचा बोरा तांदूळ आणि मणिपूरचा काळा चाक-हाओ याच जातकुळीचे, मिळाले तर बोरा घ्या. चाक-हाओने रस्सा जांभळा होतो. यातलं काहीच मिळालं नाही तर इंद्रायणी वापरा. तो खरा चिकट तांदूळ नव्हे, पण मऊ आणि आसट शिजतो, या कामाला चालून जातो. आंबेमोहोरही चालेल, मात्र त्याचा वास रश्शात उतरतो आणि सूप थोडं पेजेच्या अंगाने जातं. बासमती आणि कोलम इथे कामाचे नाहीत. तांदूळ कुठलाही असो, किमान तासभर भिजवा आणि चाळणीत पूर्ण निथळा.

जिनसेंग ताजं मिळालं तर उत्तम. कोरियात दक्षिण छुंगछोंग प्रांतातलं कुमसान हे गाव त्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. ताज्या मुळीला 'सुसाम' म्हणतात आणि सूपमध्ये तीच घालतात. आपल्याकडे बहुधा वाळलेली मुळीच हाती येते. रांजणगाव-तळेगाव पट्ट्यात कोरियन कंपन्या आल्यापासून पुण्यात कोरियन किराणा मिळू लागला आहे, तिथे विचारा. वाळलेली मुळी दोन-तीन तास कोमट पाण्यात भिजवा आणि ते पाणीही रश्शात घाला. चव मातकट, कडसर आणि मागाहून जराशी गोड. पावडर, कॅप्सूल किंवा चहाची पाकिटं यात घालू नका. अश्वगंधा तर नकोच. तिला 'भारतीय जिनसेंग' म्हणतात खरं, पण झाड वेगळं, वास वेगळा आणि सूपची चव पार काढ्याच्या वाटेला लागते. जिनसेंग नसेल तर सरळ वगळा. मग त्याला सामग्येतांग म्हणता येणार नाही, तो 'दाक-पेकसुक' होईल, आणि तोही कोरियन घरांत आवडीने खातात. रक्त पातळ करणाऱ्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, किंवा घरात गरोदर बाई असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जिनसेंग घालूच नका.

लाल बोरं म्हणजे 'देछू'. आपल्या बोराचीच ही चुलत जात, वाळवून सुरकुतलेली आणि गोडसर. नसतील तर खारकेचा एखादा तुकडा चालेल, खजूर नको, रस्सा गुळचट होतो. यांच्याबद्दल कोरियात एक गंमतीचा समज आहे. सूपमधलं बोर सगळं वाईट-साईट शोषून घेतं, म्हणून ते खायचं नाही, बाजूला काढून ठेवायचं. याला काही आधार नाही. मी तर भांड्यात सगळ्यात आधी तेच शोधते.

आता कामाला लागू

कोंबडी पोट वर करून ठेवा. शेपटीचा टोकदार मांसल भाग कापून टाका, त्यात तेलाच्या ग्रंथी असतात आणि रश्शाला उग्र वास येतो. पोटाच्या तोंडाशी पिवळ्या चरबीचे दोन लोळे लोंबत असतात, ते ओढून काढा. पंखांची टोकं छाटा. आता बोट आत घालून पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी फिरवा. तिथे फुप्फुसाचे लालसर, स्पंजासारखे तुकडे आणि काळपट रक्त चिकटलेलं असतं. दुकानात कितीही साफ करून दिली तरी हे राहतंच आणि पांढऱ्या रश्शाचा राखी रंग होतो तो यामुळेच. मिठाने आतून चोळून भांड्यातल्या पाण्यात खळबळून घ्या. जोराच्या नळाखाली धरू नका, शिंतोडे ओट्यावर, ताटांवर सगळीकडे उडतात.

मग भरणी. आधी लसणाच्या दोन पाकळ्या आत ढकला, त्यावर निथळलेला तांदूळ, मध्ये जिनसेंग, एक बोर, पुन्हा थोडा तांदूळ आणि तोंडाशी बूच म्हणून एक मोठी पाकळी. पोट दोन तृतीयांशच भरायचं. माझी पहिली कोंबडी इथेच बिघडली. भरल्या वांग्याची सवय, जागा दिसली की दाबून भरायचं. पाऊण तासाने झाकण काढलं तर छातीपासून खाली उभी चीर गेलेली, भात सगळा रश्शात आणि भांड्याला बूड लागलेलं. आम्ही ती पेज म्हणून खाल्ली. मुलांनी लोणचं मागितलं, यावरून काय ते समजा. तांदूळ फुगायला जागा हवी आणि आत पाणी शिरायलाही फट हवी. घट्ट भरला तर मधला भात कच्चा राहतो आणि बाहेरचा फुटतो.

पोट बंद करायची कोरियन पद्धत सुरेख आहे, दोरा-सुई काही लागत नाही. पोटाच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना कातडीचा जो सैल पदर असतो, त्यात एका बाजूला सुरीच्या टोकाने बोटाएवढी चीर द्या. दुसऱ्या बाजूचा पाय त्या चिरेतून ओवा. पाय एकमेकांवर आडवे येतात, कोंबडी मांडी घालून बसल्यासारखी दिसते आणि तोंड मिटतं. कातडी फाटलीच तर पाय सुती दोऱ्याने बांधा. टूथपिक लावलीत तर वाढण्याआधी मोजून काढा.

कोंबडी जेमतेम बसेल असं उभट, जड बुडाचं पातेलं घ्या. पसरट भांड्यात पाणी जास्त लागतं आणि रस्सा पातळ राहतो. छाती वर करून ठेवा आणि ती जेमतेम बुडेल इतकं गार पाणी किंवा पायांचं गार झालेलं पाणी ओता, साधारण दीड ते पावणेदोन लिटर. उरलेला लसूण, आलं, बोरं आणि कांद्याचा पांढरा भाग घाला. आच मोठी. उकळी फुटताना राखाडी फेस वर येईल, तो पळीने काढत राहा, पाच-सात मिनिटं हेच काम. फेस पांढरा व्हायला लागला की थांबा.

मग दहा मिनिटं चांगलं खळखळू द्या. पुढे आच कमी करा, झाकण किंचित तिरकं ठेवा आणि चाळीस ते पन्नास मिनिटं सोडून द्या. पृष्ठभागावर बुडबुडे येत राहिले पाहिजेत, पण कोंबडी नाचता कामा नये. नाचली की कातडी भांड्याला घासून फाटते. पाणी छातीखाली गेलं तर उकळतं पाणीच घाला. मधूनमधून पळीने रस्सा छातीवर सोडा. ढवळू मात्र नका.

झालं का ते कसं ओळखायचं? पाय हलकेच हलवला तर सांध्यातून सुटायला हवा. मांडीच्या जाड भागात सुरीचं टोक खुपसलं की येणारा रस स्वच्छ हवा, गुलाबी नको. थर्मामीटर असेल तर मांडीत आणि पोटातल्या भाताच्या मधोमध, दोन्हीकडे ७४ अंश सेल्सिअस दिसू द्या. भाताचं माप विसरू नका. मांस शिजून भात अर्धवट राहिला तर त्या भातात कच्च्या कोंबडीचा रस मुरलेला असतो. गॅस बंद करून झाकण लावा आणि दहा मिनिटं मुरू द्या.

कुकरमध्ये करायचं असेल तर पाणी कमी, कोंबडीच्या खांद्यापर्यंतच, आणि कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरायचा नाही. फेस आधी उघड्यावर काढून घ्या. एक शिट्टी झाली की आच बारीक करून पंधरा मिनिटं, मग दाब आपोआप उतरू द्या. शिट्टी उचलून वाफ काढलीत तर आतला भात उसळून बाहेर येतो. गावरान असेल तर पस्तीस-चाळीस मिनिटं. कुकरमध्ये मांस मऊसूत होतं, पण रश्शाची चव पातेल्यातल्यासारखी उलगडत नाही. घाईच्या दिवशी ठीक.

वाढणं आणि खाणं

कोरियात हे 'तुकबेगी' नावाच्या काळ्या, जाड मातीच्या भांड्यात उकळतंच टेबलावर येतं. आपल्याकडचं जाड बुडाचं लहान पातेलं गरम करून तेच ताटलीवर ठेवा, किंवा खोलगट वाडगे आधी उकळत्या पाण्याने तापवून घ्या. कोकणातल्या मातीच्या तवलीत वाढायचं असेल तर सूप गरम असताना तवली गार नको, तडकते. कोंबडी दोन मोठ्या डावांवर तोलून उचला, चिमट्याने धरलीत तर पाय हातात येतील. वर रस्सा, हिरवी पात, चिमूटभर मिरी.

मीठ ज्याचं त्याने घ्यायचं. प्रत्येकाजवळ एका वाटीत जाडं मीठ आणि मिरी एकत्र करून ठेवा. मांसाचा तुकडा तोडायचा, त्या मिठाला टेकवायचा आणि खायचा. रश्शात मीठ थोडं थोडं, चव घेत घालायचं. पहिले दोन घोट अळणीच पिऊन बघा. लसूण शिजून गोड झालेला असतो, मागे जिनसेंगचा कडू धागा लागतो, आणि मिठाआधी हे कळतं, मिठानंतर नाही. मग चमच्याने पोट उघडा. वाफ येते, भात चिकट, पिवळसर, लसणाने भरलेला. तो रश्शात मोकळा करायचा. हाडांसाठी मध्ये एक रिकामं भांडं हवंच.

सोबत मुळ्याची 'काक्तुगी' किमची. आंबट, तिखट, कुरकुरीत, मऊ सूपला तेवढाच दाताखालचा धक्का. ती नसेल तर पांढऱ्या मुळ्याचे चौकोनी तुकडे मीठ, थोडी साखर, लाल तिखट, लसूण आणि व्हिनेगर लावून दोन तास ठेवा. किमची नव्हे, पण जागा भरून निघते. ज्यांना तिखटाशिवाय चालतच नाही त्यांनी हिरवी मिरची बाजूला चावावी, वाडग्यात घालू नये. माझ्या सासूबाईंनी पहिल्या वेळी वरून जिऱ्याची फोडणी मागितली होती. मी त्यांना वेगळ्या वाटीत दिली. त्यांनी ती अर्ध्या भातावर ओतली, उरलेला अर्धा साधाच खाल्ला, आणि कुठला आवडला ते अजून सांगितलेलं नाही.

उरलं तर पोटातला भात त्याच वेळी काढून वेगळ्या डब्यात घाला. अख्खी भरलेली कोंबडी तशीच फ्रिजमध्ये ठेवली तर मध्यभाग गार व्हायला तासन् तास लागतात आणि तेवढ्यात भात बिघडतो. मांस सोडवून घ्या, रस्सा गाळा, दोन तासांच्या आत सगळं फ्रिजमध्ये. सकाळी रस्सा थरथरत्या खरवसासारखा आळलेला असेल, वर चरबीचा पातळ थर. तो थर चमच्याने काढा, रस्सा गरम करा, त्यात उरलेला भात, मांसाचे धागे आणि बारीक चिरलेलं गाजर घालून पंधरा मिनिटं हलवत राहा. वरून दोन थेंब तिळाचं तेल. हा 'दाकजुक', कोंबडीची पेज. आमच्याकडे तापातून उठलेल्या माणसाला हल्ली हीच देतात, आणि तिच्यासोबत मात्र लिंबाचं लोणचं लागतंच.